लोककला-महोत्सव आणि बोलीचा अधिकार : झाडीपट्टीच्या रंगभूमीच्या निमित्ताने

(१)

स्वातंत्र्यानंतरच्या भारतात प्रादेशिक कलांचा गौरव करण्याची जी रीत रूढ झाली, तिचे मूळ प्रजासत्ताकदिनाच्या सोहळ्यात सापडते. १९५३ पासून दिल्लीत या दिवसाच्या निमित्ताने लोकनृत्यांचा महोत्सव होऊ लागला आणि निरनिराळ्या प्रांतांतील नर्तकांची पथके एकाच रंगमंचावर एकामागून एक येऊ लागली. पुढे १९८५ नंतर देशात सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे स्थापन झाली. त्यांपैकी दक्षिण-मध्य क्षेत्राचे केंद्र नागपुरास आहे. जिल्हा-महोत्सव, पर्यटन-महोत्सव, विद्यापीठांचे युवक-महोत्सव हे सारे याच साच्यातून निघाले. आपापल्या मुलखाची ओळख सर्वांपुढे यावी आणि देशाच्या बहुविधतेचा सर्वांना आनंद घेता यावा, असा यामागील हेतू आहे. हेतूच्या शुद्धतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. या महोत्सवांमुळे अनेक अप्रसिद्ध कलावंतांना मान मिळाला, काहींना मानधन मिळाले आणि शहरातील प्रेक्षकाला आपल्या पलीकडचे जग निदान डोळ्यांनी तरी पाहता आले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु ‘डोळ्यांनी तरी’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. या महोत्सवांत मुलखाची ओळख म्हणून जे रंगमंचावर येते ते मुख्यतः नृत्य, वेष, वाद्य आणि ठेका. त्या मुलखाची बोली येते ती फार तर गीतात, आणि गीताचा अर्थ समजला नाही तरी चालेल अशा बेताने. संवाद तर बहुधा येतच नाही. याचे कारण उघड आहे. अनेक भाषांच्या प्रेक्षकांपुढे काही मिनिटांत जे सादर करावयाचे, त्यात न समजणाऱ्या भाषेतील संवादाला वाव नसतो. मग निवेदक प्रमाण भाषेत चार वाक्ये सांगतो, पथक नाचते आणि टाळ्या होतात. अशा रीतीने बहुविधता डोळ्यांना मिळते, कानांना मिळत नाही. ज्या लोकांची ओळख साजरी होत असते ते लोक त्या सोहळ्यात अक्षरशः मुके असतात.

ही उणीव केवळ आपल्याकडची नव्हे. अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयी युनेस्कोने २००३ मध्ये जो करार केला आणि ज्यास भारताने २००५ मध्ये संमती दिली, त्याच्या दुसऱ्या कलमात मौखिक परंपरांचा निर्देश आहे. भाषेचाही आहे, पण तो ‘अमूर्त वारशाचे वाहन’ या नात्याने. भाषा हा स्वतःच वारसा आहे असे तेथे म्हटलेले नाही. वाहन बदलले तरी प्रवासी तोच राहतो, असा समज या शब्दयोजनेतून सहज होऊ शकतो. हा समज कितपत खरा आहे, याची परीक्षा एखाद्या प्रत्यक्ष रंगभूमीवर करून पाहणे इष्ट होय. त्यासाठी पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या रंगभूमीइतके उपयुक्त उदाहरण महाराष्ट्रात विरळा.

(२)

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांचा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा आणि जंगलाचा जो प्रदेश, त्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीच्या सुमारास धान कापणीस येते. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते आणि तेव्हापासून होळीच्या आसपासपर्यंत या भागात नाटकांचा हंगाम चालतो. दिवसा मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक, असा जोडकार्यक्रम हे या हंगामाचे जुने रूप. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. पौराणिक, ऐतिहासिक, संगीत आणि सामाजिक असे नाटकांचे सर्व प्रकार येथे झाले आहेत. नाट्यमंडळांचा मोठा व्यवहार वडसा, म्हणजेच देसाईगंज, या गावी एकवटला आहे.

या रंगभूमीचे खरे वैशिष्ट्य तिच्या व्यवस्थेत आहे. येथे यजमान गाव असते. गावातील मंडळी एकत्र येऊन नाटक ठरवितात, मंडप उभारतात, तिकिटे विकतात, नफातोटा सोसतात. नाटकाच्या निमित्ताने लेकीबाळी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, लग्नाच्या गोष्टी निघतात. नाटक हा त्या गावाचा वार्षिक व्यवहार असतो. बाहेरून आलेल्या कोणा अधिकाऱ्याने त्यास ‘लोककला’ असे नाव देण्याची त्यास गरज पडत नाही. महोत्सवात कलावंत निमंत्रित असतो आणि प्रेक्षक परका असतो. येथे गाव निमंत्रण देते आणि प्रेक्षक त्या गावाचा अथवा त्याचा सोयरा असतो. समूहाने आपल्यासाठी चालविलेली कला आणि समूहाच्या नावाने दुसऱ्यासाठी मांडलेली कला यांतील भेद याहून स्पष्ट दाखविता येणार नाही.

या व्यवस्थेचे बळ दोन प्रसंगी दिसून आले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्यांनी केलेले कायदे घटनापीठाने वैध ठरविले. मधल्या वर्षांत शंकरपटाचा आधार गेला, तरी नाटकाची प्रथा थांबली नाही. २०२०-२१ च्या हंगामावर महामारीचे संकट आले. तेही ओसरल्यावर नाटके पुन्हा उभी राहिली. आश्रयावर जगणारी कला आश्रय सुटताच कोसळते. व्यवहारावर जगणारी कला एका व्यवहाराची दोरी तुटली तर दुसरी धरते.

या नाटकापूर्वीच्या आणि त्याला समांतर चालत आलेल्या दंडार आणि खडी गंमत या लोकप्रकारांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. गावातीलच शेतकरी-मजूर हे त्यांतील नट. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करावयाच्या. संवाद बहुतांशी तोंडी चालत आलेले किंवा जागच्या जागी सुचलेले. झाडीबोलीचे आणि या लोकरंगभूमीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या लेखनामुळे या प्रकारांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पडद्याचे नाटक आले ते या अंगणात. त्याने अंगण मोडले नाही, परंतु तेथील भाषेची वाटणी मात्र बदलली. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय ही वाटणीच आहे.

(३)

झाडीबोली ही मराठीचीच एक बोली असून तिची काही लक्षणे कानाला तत्काळ जाणवतात. प्रमाण मराठीतील ‘ण’कारास येथे ‘न’ येतो. ‘पाणी’चे ‘पानी’ होते. ‘ळ’काराच्या जागी ‘र’ येतो. ‘डोळा’ हा शब्द ‘डोरा’ असा उच्चारला जातो. पश्चिमेकडील वऱ्हाडीत याच शब्दाचे ‘डोया’ होते, आणि या एका वर्णावरूनही माणूस वैनगंगेकडचा की पूर्णेकडचा हे सांगता येते. चतुर्थीचा ‘ले’ हा प्रत्यय मात्र दोन्हींना समान. ‘मला’, ‘तुला’ यांच्या ठिकाणी ‘मले’, ‘तुले’. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात या प्रदेशातील बोलीचे नमुने नागपुरीच्या सदराखाली आले आहेत. झाडीबोलीस स्वतंत्र नावाने ओळखावे आणि तिच्यातून लेखन व्हावे, ही चळवळ मात्र अलीकडच्या काही दशकांतील आहे.

आता ही बोली झाडीपट्टीच्या नाटकात कोठे ऐकू येते, हे पाहावे. सामान्यतः असे आढळते की नायक, नायिका, पिता, माता, पाटील, न्यायाधीश ही गंभीर पात्रे प्रमाण मराठीत बोलतात. त्यांचे दुःख, त्यांचा संताप, त्यांचे उपदेश आणि त्यांचे मरण प्रमाण मराठीत होते. झाडीबोली येते ती गडी, भोळसट सोयरा, नवरा-बायकोचे भांडणारे जोडपे अशा विनोदी पात्रांच्या तोंडी. ती आली की प्रेक्षकांत हशा पिकतो. अपवाद नाहीत असे नव्हे. बोलीच्या अभिमानातून काही लेखकांनी निराळे प्रयत्न केले आहेत. पण वाटणीचा सर्वसाधारण नियम हा असा : अश्रू प्रमाण भाषेचे, हसू बोलीचे.

२०२३ मध्ये या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीला मिळालेला हा मान सर्वथा उचित होता. खुणे यांची कीर्ती प्रामुख्याने विनोदी भूमिकांची आहे, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांच्या गुणांत यामुळे अणुमात्र उणेपणा येत नाही. उलट, ज्या एका दालनात बोलीला मोकळीक होती त्या दालनात तिचा सर्वांत समर्थ नट निपजावा, हे स्वाभाविकच आहे. प्रश्न असा की बाकीची दालने तिला बंद का राहिली?

(४)

या वाटणीची कारणे शोधताना प्रेक्षकाला दोष देण्याचा मोह टाळला पाहिजे. प्रेक्षकाने ही वाटणी मुकाट्याने सोसलेली नाही. त्याला ती मान्य आहे. एकाच समाजात एका भाषेची दोन रूपे नांदत असली, एक शाळा-कचेरी-प्रवचनासाठी आणि दुसरे घर-शेत-चावडीसाठी, आणि बोलणाऱ्या प्रत्येकाला कोणते रूप कोठे शोभते हे ठाऊक असले, तर त्या स्थितीस भाषाशास्त्रात द्विस्तरभाषिता म्हणता येईल. चार्ल्स फर्ग्युसनने १९५९ मध्ये अरबी, ग्रीक, स्वित्झर्लंडमधील जर्मन आणि हैतीची क्रिओल या चार उदाहरणांवरून या स्थितीचे विवेचन केले. झाडीपट्टीतील स्थिती त्या उदाहरणांइतकी काटेकोर नसली तरी तिचा कल तोच आहे. घरी झाडीबोली बोलणाऱ्या शेतकऱ्याला रंगमंचावरचा राजा झाडीबोलीत बोलला तर तो राजा वाटणार नाही. नाटक हे त्याच्या दृष्टीने रोजच्या जगण्याहून उंच असे काही असते आणि उंचीची भाषा निराळी असावी, ही त्याची अपेक्षा असते.

दुसरे कारण इतिहासाचे आहे. झाडीपट्टीचे पडद्याचे नाटक हे पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीच्या छायेत वाढले. तेथील संहिता येथे आल्या, तेथील गाणी आली, पुढे तेथील नटनट्याही हंगामात येथे येऊ लागल्या. संहिता लिहिलेली असते आणि लिहिण्याची भाषा प्रमाण भाषा, हे समीकरण संहितेसोबत आले. बाहेरच्या नटाला झाडीबोली येत नाही, ही अडचण तर केवळ व्यावहारिक होय. पण तिनेही त्या समीकरणाला बळ दिले.

तिसरी गोष्ट बोलीच्या बाजूची आहे आणि ती न्यायबुद्धीने नमूद केली पाहिजे. प्रमाण भाषेतील पात्र संहितेला बांधलेले असते; बोली बोलणारे पात्र मोकळे असते. विनोदी नट त्या रात्रीच्या गावाचे नाव घेतो, तेथील रस्त्याची, सोसायटीची, निवडणुकीची टीका करतो, समोर बसलेल्या प्रतिष्ठिताला चिमटा काढतो. ज्या गोष्टी गंभीर पात्राला बोलता येत नाहीत त्या तो बोलतो. तेव्हा बोलीला हास्य मिळाले म्हणजे तिला केवळ खालचे स्थान मिळाले, असे मानणे उथळपणाचे होईल. हास्याच्या आडून बोली या रंगभूमीवर सत्य बोलत आली आहे.

तथापि हा युक्तिवाद अर्ध्यापर्यंतच नेता येतो. जे सत्य हसत सांगितले जाते ते हसून सोडूनही देता येते. शिवाय, वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या प्रसंगाशी जोडली गेलेली बोली त्या प्रसंगाचे चिन्ह बनते. मग शब्द विनोदी असण्याची गरज उरत नाही. उच्चार कानी पडताच हशा येतो. हा हशा मंडपातच राहत नाही. आईच्या मरणाचे दुःख ज्या शब्दांत घरी व्यक्त झाले तेच शब्द मंडपात हशा पिकवितात, हे मांडीवर बसलेले मूल पाहत असते. शाळेने त्याला जे सांगितले तेच येथे गावाने, आणि तेही आनंदाच्या रात्री, सांगितलेले असते. बोली नष्ट होते ती बंदीने क्वचितच. बहुधा ती लाजेने नष्ट होते, आणि लाज ही मायेच्या माणसांच्या हसण्यातूनच प्रथम शिकली जाते.

(५)

ही वाटणी अटळ आहे काय? नाट्यपरंपरांची तुलना केली असता तसे दिसत नाही.

पात्रपरत्वे भाषाभेद हा भारतीय रंगभूमीचा अतिप्राचीन विशेष होय. भरताच्या भाषाविधानानुसार राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलतात, स्त्रिया आणि इतर बहुतेक पात्रे निरनिराळ्या प्राकृतांत बोलतात. विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो. येथे उच्चनीचभाव आहे, यात संशय नाही. परंतु प्राकृताच्या वाट्याला केवळ हास्य आले असे मात्र नाही. कालिदासाची शकुंतला प्राकृत बोलते. आश्रमाचा निरोप घेताना तिचा कंठ दाटून येतो तो प्राकृतात, आणि भर दरबारात ती राजाची निर्भर्त्सना करते तीही प्राकृतात. गीतांसाठी तर महाराष्ट्री प्राकृत हीच मान्य भाषा होती. म्हणजे त्या अत्यंत श्रेणीबद्ध रंगभूमीनेही खालच्या मानलेल्या भाषेकडून शोक आणि मानी क्रोध काढून घेतले नव्हते. झाडीपट्टीच्या वाटणीला ‘परंपरा’ म्हणून समर्थन द्यावयाचे झाल्यास ही परंपरा तिच्या बाजूने साक्ष देत नाही.

दक्षिण कोकणातील दशावताराची स्थिती झाडीपट्टीच्या अधिक निकट आहे. गावच्या देवळाच्या जत्रेत रात्रभर चालणारा हा खेळ झाडीपट्टीच्या नाटकासारखाच समूहाच्या वार्षिक व्यवहाराचा भाग आहे. त्याच्या पूर्वार्धातील संकासुर मालवणीत बोलतो, प्रेक्षकांशी सलगी करतो आणि हसवितो. उत्तरार्धातील आख्यानात देव, दानव आणि राजे संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात. विशेष हे की आख्यानातील संवादही लिहिलेले नसतात; नट ते जागच्या जागी रचतात. यावरून असे दिसते की भाषेची वाटणी केवळ लिखित संहितेमुळे होते असे नाही. उंचीची भाषा कोणती, याविषयीची समाजाची कल्पना त्याहून खोल असते. दशावताराच्या या रूपाचाच विनोदी उपयोग करून गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने ते अफाट गाजले. त्याने मालवणीला मुंबईच्या व्यावसायिक रंगमंचावर हक्काची जागा मिळवून दिली, हे त्याचे मोठेच कार्य. पण ती जागा हास्याची होती, आणि पुढील दीर्घ काळ मालवणी नाटक म्हणजे विनोदी नाटक हे समीकरण महाराष्ट्राच्या मनात ठसले, हेही तितकेच खरे. बोलीला प्रतिष्ठा मिळणे आणि बोलीला सर्व रस मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

याउलट गोव्याचे तियात्र पाहावे. पहिले तियात्र ‘इटालियन भुरगो’ हे १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत सादर झाले. ल्युकासिन ऱिबैरो यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हे नाटक पाहणारे बहुतांशी पोटासाठी मुंबईस आलेले गोमंतकीय होते. ना राजाश्रय, ना विद्वानांची मान्यता. कोंकणीला तेव्हा शाळेत वा कचेरीत स्थान नव्हते. तरीही तियात्रात विनोद कोंकणीत, विलाप कोंकणीत, धर्मोपदेश कोंकणीत आणि प्रवेशांच्या मधील कांतारांतून होणारी राजकीय टीकाही कोंकणीतच. कोंकणीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला तो १९९२ मध्ये, म्हणजे पहिल्या तियात्रानंतर बरोबर शंभर वर्षांनी. तियात्रामुळे तो समावेश झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या भाषेला तिचे स्वतःचे लोक शंभर वर्षे शोक, क्रोध आणि हास्य या सर्वांसाठी वापरीत आले, तिच्या सामर्थ्याविषयी त्या लोकांच्या मनात तरी संदेह राहिला नाही, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. कोंकणी ही स्वतंत्र भाषा आणि झाडीबोली ही मराठीची बोली, असा आक्षेप येथे घेता येईल. रंगभूमीपुरता तो निर्णायक नाही. कारण १८९२ मध्ये कोंकणीलाही अनेक जण बोलीच म्हणत होते.

खुद्द विदर्भातही प्रतिउदाहरण आहे. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील देशपांडे कुटुंबाची घरगुती भाषा वैदर्भी वळणाची आहे. आणि एका घराची पडझड, भावाभावांतील तेढ, आईचे एकटेपण हे सारे त्या भाषेतच मांडले गेले आहे. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला तेथे हसू आले नाही. हे कुटुंब सुस्थितीतील आणि उच्चवर्णीय आहे, म्हणून त्याच्या बोलीला गांभीर्य सहज मिळाले, असे कोणी म्हणेल. आणि त्या म्हणण्यात तथ्यही आहे. बोलीचे स्थान बोलणाऱ्याच्या स्थानाशी बांधलेले असते. परंतु यावरून एवढे तरी सिद्ध होते की ‘मले’ आणि ‘तुले’ यांत स्वभावतः हास्यजनक असे काही नाही. हास्य प्रत्ययात नसते. ते ऐकणाऱ्याच्या सवयीत असते.

(६)

आतापर्यंतचे विवेचन झाडीबोली आणि प्रमाण मराठी या दोहोंपुरते होते. मात्र झाडीपट्टीची ओळख म्हणजे झाडीबोली, असे म्हणून थांबता येत नाही. याच प्रदेशात गोंडी आहे, भामरागडकडे माडिया आहे, गोंदिया जिल्ह्यात पोवारी आहे, ठिकठिकाणी हलबी आहे, सिरोंचाकडे तेलुगू आहे, आणि फाळणीनंतर येऊन मुलचेरा-चामोर्शी भागात वसलेल्या निर्वासितांची बंगालीही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक आहे. तरीही ती आठव्या अनुसूचीत नाही. झाडीबोलीने प्रमाण मराठीकडे जो न्याय मागावयाचा, तोच न्याय गोंडीने झाडीपट्टीच्या रंगमंचाकडे मागितला तर त्यास उत्तर काय? स्थानिक ओळख साजरी करताना एका स्थानिकाने दुसऱ्या स्थानिकाला झाकून टाकणे, हा धोका राजधानीतील महोत्सवाइतकाच गावच्या मंडपातही संभवतो. गोंडांचे नृत्य महोत्सवात हमखास असते, गोंडी संवाद मात्र कोठेच नसतो. ही वस्तुस्थिती पहिल्या भागात मांडलेल्या उणिवेचेच अधिक तीव्र रूप होय.

म्हणून समूहाच्या कलांचा गौरव करणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमाला तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल. पहिला : यजमान कोण? ज्यांची कला तेच बोलावणारे आहेत, की ते केवळ बोलाविलेले आहेत? दुसरा : ज्यांची कला त्यांची बोली तेथे अर्थासह ऐकू येते काय? आणि तिसरा, सर्वांत कठीण : त्या बोलीला कोणते रस दिले आहेत? तिला केवळ हसावयाचे आहे, की रडावयाचा, रागवावयाचा, आज्ञा देण्याचा आणि प्रार्थना करण्याचाही अधिकार आहे? दिल्लीचा महोत्सव पहिल्याच प्रश्नाशी अडखळतो. झाडीपट्टीची रंगभूमी पहिले दोन प्रश्न मोठ्या मानाने पार करते आणि तिसऱ्याशी थांबते. तियात्र तिन्ही पार करते.

(७)

या निष्कर्षातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. महोत्सव भरविणाऱ्या संस्थांनी एखाद्या नृत्याचे पाच तुकडे दाखविण्याऐवजी एखाद्या दंडारीचा अथवा आख्यानाचा एक अखंड प्रवेश, अर्थाचे मुद्रित पत्रक प्रेक्षकांच्या हाती देऊन, दाखविला तर फार मोठा खर्च येणार नाही. अनुदान देताना प्रयोगांची संख्या पाहिली जाते. संवादाची भाषा कोणती, हेही पाहिले जावे. नाट्यलेखकांवर मात्र सक्ती करू नये. बोलीतून शोक लिहावा, असा नियम करून शोक लिहिला जात नाही. एखाद्या समर्थ लेखकाने आणि एखाद्या समर्थ नटाने एका रात्री एका गावात ते करून दाखविले आणि मंडप स्तब्ध झाला, तर पुढचे काम आपोआप होईल.

विद्यापीठीय अभ्यासापुढील कर्तव्य याहून स्पष्ट आहे. लोकरंगभूमीवरील प्रबंधांत कथानक, वेषभूषा, वाद्ये आणि विधी यांची वर्णने विपुल आढळतात. परंतु कोणते पात्र कोणत्या क्षणी कोणत्या बोलीत बोलते आणि कोणत्या क्षणी ती बदलते, याची नोंद क्वचितच असते. एकाच नाटकाचे निरनिराळ्या गावांतील प्रयोग ध्वनिमुद्रित करून, त्यांचे उच्चारानुसारी लेखन करून, ही नोंद केली पाहिजे. विनोदी नट प्रमाण भाषेकडे केव्हा वळतो? गंभीर पात्राच्या तोंडून अनवधानाने ‘ण’चा ‘न’ केव्हा होतो? प्रेक्षक नेमका कोठे हसतो, आणि हसणे अपेक्षित असता कोठे हसत नाही? या प्रश्नांची उत्तरे संहितेत सापडणार नाहीत. त्यासाठी मंडपात रात्र काढावी लागेल.

तशी रात्र काढणाऱ्यास आणखी एक गोष्ट ऐकू येईल. रंगमंचावर नायिका प्रमाण मराठीत विलाप करीत असते आणि समोर बसलेल्या बाया पदराने डोळे पुसत एकमेकींशी हळू आवाजात तिच्या दुःखाविषयी बोलत असतात. ते बोलणे झाडीबोलीत असते. म्हणजे शोकाची भाषा या मंडपात आहेच; ती अद्याप रंगमंचाच्या पायऱ्या चढलेली नाही, एवढेच. ती चढेल त्या दिवशी झाडीपट्टीला आपली ओळख साजरी करण्यासाठी कोणत्याही महोत्सवाची गरज उरणार नाही.